पाखरं उडावीत, झोप उडू नये

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलाबाळांसह इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवर खालांकडे गेलो होतो. हुरड्याचे दिवस होते. रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या. पहाटे फजरची नमाज पढून जरा अंग टेकले, तोच धडाम्! खिडकीची तावदाने हादरली. झोळीतले दीड महिन्याचे बाळ दचकून रडू लागले. खालूंनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनला अजून वर्षही झाले नव्हते. आम्ही घाबरून अंगणात धावलो. खाला मात्र चुलीजवळून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "काही नाही रे, पाखरं हाकलतायत. आता ऊन चढेस्तोवर हे चालायचंच."

ज्वारीच्या एका रानातून दर पाच-सात मिनिटांनी बार निघत होता. पलीकडच्या पेरूच्या बागेत बॅटरीवरचा भोंगा लावलेला. त्यातून माणसाच्या आरोळ्या, कुत्र्याचे भुंकणे आणि डबा बडवल्याचा आवाज पाळीपाळीने येत होता. तो दिवसभर बंद झाला नाही. मालक जेवायला गेला तरी भोंगा ओरडतच होता.

ही बाग कुणाची, असे विचारले तेव्हा खाला हसल्या. जमीन गावातल्या एका शेतकऱ्याची, पण यंदाचा बहार उक्ता घेतला होता तो आमच्याच मामूंनी! म्हणजे जिची झोप मोडत होती ती बहीण आणि मोडणारा तिचा सख्खा भाऊ. आता तक्रार करायची कुणी आणि कुणाविरुद्ध?

दुपारी आम्ही मामूंना गाठले. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. "पोपटांचा एक थवा उतरला की बघता बघता दोन-चार क्रेट माल जातो. खातात थोडं, टोचून टाकतात जास्त. टोचका पेरू मंडईत कोण घेणार? पैसे तर मी आधीच मोजलेत. राखणीला माणूस ठेवावा तर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही."

बारामती-इंदापूरकडच्या आपल्या कित्येक बागवान घरांची रोजी अशाच उक्त्या घेतलेल्या बागांवर चालते. म्हणून हा प्रश्न "शेतकरी विरुद्ध रहिवासी" असा सरळ मांडता येत नाही. एकाच घरात दोन्ही बाजू बसलेल्या असतात.

गोफणीपासून बंदुकीपर्यंत

पाखरे राखणे हे काम काही नवे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात ज्वारी निसवली की रानात मचाण उभे राहायचे. त्यावर उभे राहून कुणी गोफण फिरवायचा, कुणी हाळी द्यायचा, कुणी पत्र्याचा डबा वाजवायचा. घरातली म्हातारी माणसे आणि शाळेतून आलेली पोरे हे काम वाटून घेत. आवाज तेव्हाही होता, पण त्याला एक मर्यादा होती. माणूस दमला की आवाज थांबे. पाखरू दिसले तरच गोफण सुटे.

पुढे बुजगावण्याच्या जोडीला लाल-चंदेरी चमकत्या फिती आल्या. वाऱ्यावर घुमणाऱ्या कॅसेटच्या रिळा आल्या. पंख्याची पाती फिरून थाळीवर टोले देणारी जुगाडे आली. मग फटाके, पाइपची कार्बाइड बंदूक, ठरावीक वेळाने आपोआप बार काढणारी गॅसवरची तोफ आणि मेमरी कार्ड घातलेला भोंगा आला. हे यंत्र दमत नाही. पाखरू रानात असो वा नसो, ते वाजतच राहते. जुन्या राखणीत आणि आजच्या राखणीत खरा फरक आहे तो इथे.

ही वेळ शेतकऱ्यावर का आली, तेही पाहिले पाहिजे. या दोन तालुक्यांत पाणी आले तिथे ऊस वाढला, ज्वारीचे रान कमी झाले. पूर्वी शेकडो एकरांत पांगणारी पाखरे आता उरलेल्या चार-दोन रानांवर तुटून पडतात. त्यात हिवाळ्यात भोरड्या येतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येणारे हे गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी हजारोंच्या थव्याने उतरतात. उजनीच्या काठी संध्याकाळी आकाशात त्यांची नक्षी पाहायला लोक मुद्दाम येतात. पण दाणा दुधात असताना हाच थवा ज्यांच्या रानात उतरतो, त्यांना ती नक्षी कशी गोड वाटावी?

हिवाळ्याच्या पहाटे आवाज इतका लांब का जातो?

गॅसच्या तोफेचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या पुढे जातो. उघड्या रानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे तोफ वस्तीपासून ५० मीटरवरून १०० मीटरवर नेली तर ६ डेसिबल कमी आणि २०० मीटरवर नेली तर आणखी ६ कमी. थोडे लांब सरकवल्यानेही फरक पडतो.

पण थंडीच्या पहाटे एक वेगळीच गोष्ट घडते. रात्रभर जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी वर गेलेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि दूरवर पोहोचतो. दुपारी जो बार अर्ध्या किलोमीटरवर जेमतेम ऐकू येतो, तोच पहाटे उशाशी वाजल्यासारखा वाटतो. पाखरे नेमकी सूर्योदयाच्या सुमारास चरायला उतरतात, म्हणून बारही त्याच वेळी सुरू होतात. त्रास सर्वांत जास्त होतो तोही तेव्हाच.

हंगामही पाहा. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरतो तो डिसेंबर-जानेवारीत. काढणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात. २०२५ मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीला सुरू झाला. पुढची काही वर्षे तो याच राखणीच्या हंगामात येत राहील. सहरी आणि फजरनंतर रोजेदाराला मिळणारी तास-दोन तासांची झोप या बारांत जाते. तान्ही बाळे, गरोदर महिला, हृदयाचे रुग्ण आणि रात्रपाळी करून आलेले कामगार यांचे हाल तर विचारूच नका. एकसारख्या आवाजाची काही प्रमाणात सवय होते. अवचित होणाऱ्या धमाक्याने मात्र शरीर दर वेळी दचकते.

पाइपची बंदूक: खेळणे नव्हे

प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइड बंदूक स्वस्त पडते, म्हणून ती रानारानांत पोहोचली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि लायटरच्या ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार निघाला नाही म्हणून कुणी पाइपात डोकावले आणि त्याच क्षणी तो उडाला, तर डोळा जातो. मागे उरणारा चुन्याचा गाळही डोळ्यात गेला की बुबुळ भाजते.

ही काल्पनिक भीती नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पिके राखण्याच्या या बंदुका फटाक्यांच्या जागी मुलांच्या हाती आल्या. भोपाळ, विदिशा आणि इतर ठिकाणी मिळून शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बहुतेक लहान मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, हे आपल्या बागवान बांधवांना ठाऊकच आहे. तीच पुडी बंदुकीच्या निमित्ताने पुन्हा घरात येऊ नये, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.

पाखरे यंत्राला ओळखतात

ज्या आवाजासाठी एवढे सगळे सोसायचे, तो पाखरांवर किती दिवस चालतो? ठरावीक वेळाने, ठरावीक जागेवरून येणाऱ्या आवाजाची पक्ष्यांना थोड्याच दिवसांत सवय होते. आवाज होतो, पण आपल्याला काही इजा होत नाही, हे त्यांच्या लक्षात येते. बार झाला की थवा उठतो, एक फेरी मारतो आणि पुन्हा तिथेच बसतो. मग शेतकरी बारांची संख्या वाढवतो, आवाज मोठा करतो. शेजाऱ्याचा त्रास वाढतो आणि पीक तेवढेच जाते. मामूंनीही शेवटी कबूल केले, "पहिले आठ दिवस बरं चाललं. आता पोपट भोंग्याच्या खांबावरच बसतात."

शिवाय सगळीच पाखरे सारा वेळ नुकसान करत नाहीत. ज्वारी खाणाऱ्या भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. चिमणी आपल्या पिलांना किडेच भरवते. हरभऱ्यात घाटेअळी खाणारे पक्षी बसावेत म्हणून कृषितज्ज्ञ पक्षिथांबे लावायला सांगतात. एका रानात पक्ष्यांना बोलवायचे आणि शेजारच्या रानात तोफा लावायच्या, हे कसे जमणार? बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी १९९७ मध्ये घोषित झालेले मयुरेश्वर अभयारण्य आहे. इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांचा आपल्या पिकाशी काही संबंध नाही, पण धमाका कुणाला वगळून होत नाही.

जगात इतरत्र काय झाले?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीच्या खोऱ्यात ब्लूबेरीच्या मोठ्या बागा आहेत. तिथे पाखरांसाठी गॅसच्या तोफा लागल्या आणि आसपासचे रहिवासी संघटित झाले. "तोफा बंद करा" हेच त्यांच्या मोहिमेचे नाव. शेतकऱ्यांच्या बाजूनेही कायदा होता. रूढ पद्धतीने शेती करणाऱ्यावर केवळ त्रास होतो म्हणून दावा लावता येत नाही, असे तिथला कायदा सांगतो. वाद बरीच वर्षे चालला. तोफा पूर्णपणे गेल्या नाहीत, पण त्यांना शिस्त लागली. शेजाऱ्याच्या घरापासून २०० मीटर अंतर, सकाळी साडेसहाच्या आधी बार नाही, दुपारी १२ ते ३ विश्रांती, रात्री ८ नंतर बंद, अशी मार्गदर्शक तत्त्वे ठरली. इंग्लंडमध्ये तर शेतकऱ्यांच्या संघटनेनेच आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता केली. तासाला चारपेक्षा जास्त वेळा बार काढू नये, असे ती सांगते.

आपल्याकडची रानेही लहान आणि घरेही रानातच. २०० मीटर अंतर प्रत्येकाला कुठून मिळणार? पण वेळेची शिस्त पाळायला जमीन लागत नाही, समजूत लागते.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री उघड्यावर तो लावता येत नाही. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असू नये, असेही नियमात आहे. या नियमांत शेतातल्या भोंग्यासाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात शांतपणे जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे.

सार्वजनिक उपद्रव थांबवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, दाद मागता येते. रात्रीच्या भोंग्यासाठी ११२ वर फोन करता येतो. पण हा शेवटचा उपाय आहे. ज्याच्या विहिरीवरून पाणी आणायचे, ज्याच्या लग्नात वाढायला जायचे, त्याच्या दारात आधी पोलीस पाठवणे शहाणपणाचे नाही.

आधी आपल्या भोंग्याकडे पाहू

एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ज्या नियमाच्या आधारे आपण शेतातल्या भोंग्याची तक्रार करू, तोच नियम लग्नाच्या डीजेला, मिरवणुकीला आणि मशिदीच्या भोंग्यालाही लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कुर्ला भागातील रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर मुंबईतल्या काही मशिदींनी अझान घरोघर पोहोचवण्यासाठी मोबाइल अॅपचा आधार घेतला. अझान हवीच. ती किती डेसिबलने द्यावी, याचा विचार आपणच आधी केला तर दुसऱ्याला तो सांगावा लागणार नाही. स्वतःच्या आवाजाला मर्यादा घालणाऱ्याचे म्हणणे शेजारी ऐकून घेतो.

आपल्या दीनने शेजाऱ्याचा हक्क फार मोठा मानला आहे. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानाबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कडक इशारा दिला आहे. पेरलेल्या पिकातले पाखराने खाल्ले तर तो पेरणाऱ्याचा सदका ठरतो, हीही त्यांचीच शिकवण. याचा अर्थ शेतकऱ्याने पीक उघडे टाकावे असा नाही. घामाची रोजी राखणे हा त्याचा हक्कच आहे. पण पाखराला शत्रू समजून चाललेल्या लढाईत शेजारी भरडला जाऊ नये.

काय करता येईल?

आम्ही वाडीवर होतो तेव्हाच खालूंनी पुढाकार घेतला. एका संध्याकाळी मामू, ज्वारीवाले शेतकरी आणि आसपासच्या पाच-सहा घरांतली माणसे चहाला बोलावली. सुरुवातीला आवाज चढले. "तुम्हाला झोप प्यारी, आम्हाला पोट," असे एकाने सुनावलेही. मग खालांनी झोळीतले बाळ आणून मामूंच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "भाईजान, उद्या पहाटे तुम्हीच याला झोपवा." सगळे हसले आणि बोलणे रुळावर आले. ठरले ते इतके: सूर्य उगवल्याशिवाय बार नाही. दुपारी १२ ते ३ भोंगाही बंद. तोफेचे तोंड घरांकडे नाही. पाखरे उतरलेली दिसली तरच बार काढायचा. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचे पोर असेल तर तसे आधी सांगायचे. त्या बदल्यात शेजारच्या घरातल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी राखणीला जायचे. आवाज साफ थांबला नाही, पण पहाट मोकळी झाली.

आपल्या गावात असा प्रश्न असेल तर आम्ही एवढेच सुचवू :

– आधी आठवडाभर नोंद ठेवा. कोणत्या वेळी, किती बार झाले, भोंगा किती तास वाजला. "फार त्रास होतो" यापेक्षा "पहाटे ५ ते ७ मध्ये २० बार" हे म्हणणे पटते. मोबाइलवरच्या डेसिबल अॅपवरून अंदाज येतो, पण तो पुरावा समजू नका.

– मग समोरासमोर बसा. जमले नाही तर ग्रामपंचायत आणि गावची तंटामुक्ती समिती आहे. २००७ पासून राज्यात ही मोहीम अशाच तंट्यांसाठी सुरू झाली आहे. तिथेही मिटले नाही तर पोलीस ठाणे आणि प्रांत कार्यालय.

– शेतकरी बांधवांनी एकाच शिवारात ज्वारीची पेरणी शक्यतो एकाच आठवड्यात करावी. एकटे-दुकटे आगाप किंवा मागास रान पाखरे आधी गाठतात. सगळी रानेच एकदम निसवली की नुकसान वाटले जाते.

– पेरूच्या फळाला फोमची जाळी आणि पिशवी, द्राक्षाच्या घडाला कागद, डाळिंबावर जाळी हे उपाय खर्चाचे खरे, पण पुढेही उपयोगी पडतात. जाळी ताणून बांधा. सैल जाळीत पाखरे अडकून मरतात.

– चमकत्या फिती, बुजगावणे आणि रिळा यांची जागा दर तीन-चार दिवसांनी बदला. एकच उपाय एकाच जागी ठेवला तर तो पाखरांना पाठ होतो.

– बहार उक्ता देताना आणि घेताना राखणीचा खर्चही बोलण्यात धरा. राखणीचा पैसा हिशेबात नसला की स्वस्त भोंगा येतो.

– कार्बाइडची बंदूक घरात असेल तर ती आजच बाजूला करा. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

परतताना मामूंनी पेरूची एक पाटी गाडीत ठेवली. वरचे चार-पाच पेरू पोपटांनी टोचलेले होते. "हे मुद्दाम टाकलेत," ते म्हणाले, "गोड कुठला ते पोपटाला बरोबर कळतं." घरी येऊन मुलांनी आधी तेच पेरू संपवले.

आपल्या गावात राखणीच्या आवाजावर कुणी समजुतीने तोडगा काढला असेल तर आम्हाला जरूर लिहून कळवा. दुसऱ्या गावालाही त्याचा उपयोग होईल. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि सर्वांच्या घरात शांतता नांदो. आमीन.